संगीताचा दर तोच, दुरुस्तीचा दर खाली: हाय-रेझ इक्वलायझरच्या कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट

मांडणी अशी. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंतच्या (सेकंदाला १,९२,००० सॅम्पल, म्हणजे ध्वनीचे नमुने असलेल्या) हाय-रेझ फाइली वाजवायच्या, वाटेत इक्वलायझर (वारंवारतेनुसार आवाज कमी-जास्त करणारा), पुढे यूएसबी डॅक (आकड्यांचा ॲनालॉग सिग्नल करणारे यंत्र). हे सगळे रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डवर: चार कॉर्टेक्स-ए७२ कोअर, १.५ गिगाहर्ट्झ, चौघांत मिळून १ मेगाबाइट एल२ कॅशे (प्रोसेसरलगतची जलद स्मृती). लिनक्स ६४ बिटी, आवाज आल्सा या लिनक्सच्या ध्वनियंत्रणेमार्फत. पंखा नको, कारण जिथे ऐकायचे त्याच खोलीत बोर्ड आहे.

इक्वलायझरचे दोन भाग आहेत. पहिला म्हणजे खोलीच्या मोजमापावरून काढलेला एफआयआर फिल्टर (मागच्या सॅम्पलांना ठरलेल्या गुणकांनी गुणून बेरीज करणारा), दर चॅनेलला ६५,५३६ टॅप, म्हणजे तेवढे गुणक. दुसरा म्हणजे आवडीनुसार फिरवायचे दहा पॅरामेट्रिक बँड, प्रत्येक एका बायक्वाडने (स्वतःचे मागचे उत्तर पुन्हा वापरणाऱ्या छोट्या फिल्टरने) केलेला. ४४.१ च्या फाइली निमूट वाजतात. १९२ ची लावली की एक कोअर जवळजवळ पूर्ण व्यापतो, आणि मागे फाइलींची यादी ताजी होऊ लागली की आवाज तुटतो.

अट एकच: फाइल १९२ ची असेल तर डॅकला १९२ च जायला हवे. आधी ४८ वर उतरवून मग इक्वलायझर लावणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, आणि १९२ ने कानाला काय मिळते यावर वादही घालता येतो. तो वाद या वहीत नको.

५ ऑगस्ट

कोड उघडण्याआधी कागदावर हिशेब.

सरळ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक सॅम्पलसाठी सगळे टॅप गुणून, हा फिल्टर १९२ किलोहर्ट्झला दोन चॅनेलवर चालवायचा तर सेकंदाला सुमारे २,५१६ कोटी गुणाकार-बेरजा होतात. उलट दहा बँडांचा हिशेब बघा. एका बायक्वाडला सॅम्पलमागे पाच गुणाकार आणि चार बेरजा लागतात. दहा बँड, दोन चॅनेल मिळून सेकंदाला १ कोटी ९२ लाख गुणाकार. भार वाढला की हात आधी बँड कमी करायला जातो, पण ते बिचारे निर्दोष आहेत.

एफआयआर अर्थात सरळ चालवत नाहीत, एफएफटीने, म्हणजे सिग्नलचे झटपट वारंवारतांत विघटन करून, चालवतात. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी मांडलेल्या पद्धतीमुळे हे जमते. फिल्टरचे सारखे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाचा वर्णपट (वारंवारतांतले रूप) आधीच काढून ठेवायचा. येणाऱ्या ठोकळ्याचा (एकदम हाताळायच्या सॅम्पलांच्या गठ्ठ्याचा) एफएफटी एकदाच घ्यायचा, गुणाकार वर्णपटात करायचे, शेवटी एकच उलटा एफएफटी. ठोकळा ४,०९६ सॅम्पलचा असेल तर फिल्टरचे १६ तुकडे होतात आणि सॅम्पलमागे साधारण २६० क्रिया पडतात. दोन्ही चॅनेल मिळून सेकंदाला दहा कोटी. सरळ पद्धतीच्या तुलनेत (प्रत्येक गुणाकार-बेरीज म्हणजे दोन क्रिया धरून) हे जवळजवळ ५०० पट स्वस्त.

पण सध्याच्या सेटिंगमध्ये ठोकळा २५६ चा आहे. तेव्हा तुकडे २५६ होतात, सॅम्पलमागे क्रिया २,१०० च्या वर जातात आणि सेकंदाला ८२ कोटी. म्हणजे नुसत्या ठोकळ्याच्या आकाराने आठपट फरक.

६ ऑगस्ट

मोजमाप कशाने करायचे हे आधी ठरवले. ‘टॉप’ या लिनक्स आज्ञेतली भाराची टक्केवारी इथे कामाची नाही. काम हलके झाले की कर्नलचा गव्हर्नर प्रोसेसरचा वेग उतरवतो, मग तेच हलके काम टक्क्यांत जास्त दिसते. निम्मे काम कमी करूनही आकडा जागचा हलत नाही, असा प्रकार होतो. म्हणून मोजताना गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवायचा आणि प्रत्येक ठोकळ्याला लागलेले मायक्रोसेकंद थेट नोंदायचे. सरासरी बाजूला लिहायची, पण डोळा ठेवायचा तो सर्वांत वाईट ठोकळ्यावर. आवाज तुटतो तो त्या एका ठोकळ्याने.

८ ऑगस्ट

ठोकळा ४,०९६ केला. भार दणकन उतरला, कागदावरच्या आठपटीहूनही जास्त. जादा फायदा स्मृतीतून आला. एकेरी अचूकतेत (३२ बिटी आकड्यांत; दुहेरी म्हणजे ६४ बिटी) एका चॅनेलच्या फिल्टरचे वर्णपट सुमारे ५२४ किलोबाइट जागा घेतात आणि मागच्या ठोकळ्यांचे वर्णपट तेवढीच. दोन चॅनेल मिळून २.१ मेगाबाइट. एल२ मध्ये १ मेगाबाइटच मावते, म्हणून दर ठोकळ्याला हे सारे मुख्य रॅममधून ओढून आणावे लागते. ठोकळा २५६ चा असेल तर हे दर १.३३ मिलिसेकंदाला घडते, म्हणजे सेकंदाला दीड गिगाबाइटहून अधिक वाहतूक. ४,०९६ ला तीच सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आत येते. प्रोसेसर गुणाकार करत नव्हता, बराच वेळ रॅमची वाट बघत होता.

किंमत विलंबाची. ठोकळा भरायला २१.३ मिलिसेकंद आणि तो बाहेर पडेपर्यंत जवळपास तेवढेच आणखी. नुसत्या संगीताला काही फरक पडत नाही. चित्रपट लावला तर ओठ आणि शब्द यांची जुळणी बघावी लागेल. विलंब नको आणि लांब फिल्टरही हवा, अशांसाठी विल्यम गार्डनर यांनी १९९५ मध्ये असमान तुकड्यांची पद्धत मांडली: सुरुवातीचे तुकडे लहान, पुढचे मोठे होत जाणारे. उत्तम पद्धत आहे, पण लिहायला किचकट, आणि माझ्यापुढे कुणी प्रत्यक्ष वाजवत बसलेले नाही.

एक गोष्ट अजून खटकते. आल्साचा पिरियड, म्हणजे एका हाकेला तो मागतो तो गठ्ठा, १,०२४ सॅम्पलचा आहे. त्यामुळे तीन हाकांना काहीच काम नसते आणि चौथीवर सगळा बोजा येतो. सरासरी छान, टोक वाईट. एफएफटी वेगळ्या थ्रेडवर टाकून एक ठोकळा आधीच तयार ठेवला की निभावते.

९ ऑगस्ट

छोटी नोंद. ४४.१ च्या फाइली आधी १९२ वर चढवून मग त्यांना इक्वलायझर लावला जात होता. क्रम उलटा केला: आधी इक्वलायझर, मग चढवणे. दोन्ही क्रिया रेषीय आहेत, श्राव्य पट्ट्यात उत्तर तेच येते आणि काम ४.३५ पटींनी कमी होते. मुळात चढवण्याची गरज आहे का, हा प्रश्न डॅक बघून सोडवावा.

११ ऑगस्ट

आज बायक्वाड. भार किरकोळ आहे हे माहीत होते, तरी एकेरी अचूकतेवर आणता येतील का ते तपासले. निऑनच्या (प्रोसेसरच्या एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या भागाच्या) १२८ बिटी रजिस्टरमध्ये एकेरी अचूकतेचे चार आकडे बसतात, दुहेरीचे दोनच. म्हणून मोह होतो.

मोह आवरला. कारण खर्जात आहे. ३० हर्ट्झचा बँड १९२ किलोहर्ट्झवर चालवला की कोनीय वारंवारता सॅम्पलमागे ०.०००९८ रेडियन इतकी चिमुकली होते. फिल्टरचे ध्रुव (त्याचे गुंजणे ठरवणारे बिंदू) १ च्या अगदी कुशीत जाऊन बसतात. बँड नेमका कुठे बसणार हे गुणकांच्या ज्या बेरजेवर ठरते, ती दहा लाखांत एक भागाच्या आसपास उरते, आणि एकेरी अचूकतेची पायरी त्या जागी १.१९ भागिले एक कोटी. म्हणजे ती सगळी बेरीज आठ पायऱ्यांत बसवायची. अर्धी पायरी इकडची तिकडे झाली तरी बँड सुमारे ३ टक्के सरकतो, शिवाय खर्जात गोंगाट वाढतो. ४४.१ वर याच बँडला दीडशेवर पायऱ्या मिळतात, म्हणून तिथे कुणाला काही जाणवत नाही.

गंमत अशी की वरच्या टोकाला नेमके उलटे. बायलिनियर रूपांतराने (ॲनालॉग फिल्टर डिजिटल करण्याच्या नेहमीच्या पद्धतीने) केलेला १६ किलोहर्ट्झचा बँड ४४.१ वर आक्रसतो, त्याची उजवी बाजू चेपली जाते. १९२ वर तो सुबक येतो. उंच दर तार सप्तकाच्या बँडांना मानवतो आणि खर्जाला छळतो.

तेव्हा बायक्वाड दुहेरी अचूकतेतच. रजिस्टरमधल्या दोन जागा डाव्या आणि उजव्या चॅनेलला दिल्या. एका चॅनेलमध्ये पुढचे सॅम्पल मागच्या उत्तरावर अवलंबून असते, त्यामुळे वेळेच्या दिशेने समांतर काम करता येत नाही. चॅनेलच्या दिशेने येते. दहा बँड दोन्ही चॅनेलना एकाच्या भावात.

१२ ऑगस्ट

हाच कोड लॅपटॉपवर चालवला तर विचित्र दृश्य दिसले. गाणे संपले, पूर्ण शांतता आली, आणि काही सेकंदांनी भार वाढला! बायक्वाडमधली शिल्लक विरत विरत इतकी लहान होते की ती डीनॉर्मल (शून्याला अगदी लागून असलेल्या, नेहमीच्या रूपात न बसणाऱ्या) आकड्यांच्या प्रदेशात शिरते, आणि पुष्कळ एक्स८६ (इंटेल-एएमडी घराण्याचे) प्रोसेसर तिथे कितीतरी मंद होतात. ३० हर्ट्झचा, ध्रुवांचा क्यू (टोकदारपणा) ५ असलेला बँड घेतला तर एकेरी अचूकतेत शांततेनंतर साडेचार सेकंदांत ही वेळ येते, दुहेरीत ३७ सेकंदांनी. दोन गाण्यांमधल्या फटीत दुहेरी सहसा सुटते, वाजवणे थांबवून ठेवले की नाही. एमएक्ससीएसआर रजिस्टरमधले डीनॉर्मलना शून्य मानणारे दोन बिट थ्रेड सुरू होतानाच लावून टाकले. पायवरही एफपीसीआरमधला त्याच कामाचा बिट लावला, उगाच संशय नको. विषय संपला.

१७ ऑगस्ट

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी ही वही उघडली.

६५,५३६ टॅप कशासाठी? खर्जासाठी. फिल्टर किती बारीक भेद करू शकतो हे त्याच्या लांबीवर, म्हणजे वेळेवर ठरते. १९२ वर ही लांबी ३४१ मिलिसेकंद येते आणि भेद २.९ हर्ट्झचा. खोलीतल्या ३५ आणि ४२ हर्ट्झच्या गुंजनांना वेगवेगळे दाबायचे तर एवढे लागतेच. पण ४० हर्ट्झची लहर सेकंदाला १,९२,००० वेळा तपासायची गरज काय? दर चौपट झाला की तेवढ्याच वेळेसाठी टॅप चौपट लागतात, आणि ते चौपट वेळा चालवावे लागतात. सरळ पद्धतीत खर्च वर्गाने वाढतो, आणि ती सगळी वाढ अशा वारंवारतांपायी जिथे दुरुस्तीला काही कामच नाही.

वरच्या पट्ट्यात बारीक दुरुस्ती हवी का? ५ किलोहर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७ सेंटिमीटर. मायक्रोफोन जिथे ठेवून मोजले तिथून डोके तळहाताएवढे हलले की ती दुरुस्ती चुकीच्या जागी लागते. ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटरची, तिला डोके हलल्याचे सोयरसुतक नाही. खोलीची सुटी गुंजने जिथे संपतात ती सीमा ध्वनिशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांच्या सूत्राने ५० घनमीटरच्या आणि ०.४ सेकंद निनाद असलेल्या खोलीत १८० हर्ट्झच्या आसपास येते. मी ती ४०० ला धरतो, म्हणजे हात राखून. त्याच्या वर फक्त ढोबळ उतार आणि चढ, तेवढे बायक्वाड सांभाळतील.

तर योजना: मूळ सिग्नल १९२ वर तसाच, केवळ थोडा उशिराने, पुढे जाऊ द्यायचा. त्याची एक प्रत ३२ पटींनी खाली, ६ किलोहर्ट्झवर आणायची. तिथे फक्त दुरुस्तीतला फरक काढायचा, म्हणजे हव्या फिल्टरमधून १ वजा केल्यावर जे उरते ते. तो फरक पुन्हा १९२ वर चढवून मूळ सिग्नलमध्ये मिळवायचा. ४०० हर्ट्झच्या वरचे संगीत या खटाटोपाला शिवतही नाही. दर उतरतो तो दुरुस्तीचा, संगीताचा नाही.

३४१ मिलिसेकंदांसाठी ६ किलोहर्ट्झवर २,०४८ टॅप पुरतात. सरळ पद्धतीने, एफएफटीशिवाय, दोन चॅनेल: सेकंदाला २.४६ कोटी गुणाकार-बेरजा. २,५१६ कोटींच्या ठीक १,०२४ पट कमी, कारण टॅपही ३२ पटींनी घटले आणि दरही.

२१ ऑगस्ट

खाली उतरायच्या जिन्याला पाच पायऱ्या, प्रत्येक पायरी निम्म्याने. प्रत्येक पायरीवर हाफ-बँड (पट्ट्याचा वरचा अर्धा भाग अडवणारा) फिल्टर, ज्याचे मधला सोडून एकाआड एक गुणक शून्य असतात.

पहिल्या पायरीला किती मोठा फिल्टर लागतो हे काढताना मजा आली. तिथे फक्त ९६ किलोहर्ट्झलगतचा ४०० हर्ट्झचा पट्टा अडवायचा आहे, कारण दर निम्मा केल्यावर दुमडून (उंच वारंवारता खालची भासून) आपल्या खर्जात येणारा तेवढाच. बाकीचे काही दुमडले तरी ते ४०० च्या वर पडते, आणि पुढच्या पायऱ्या व शेवटचा फिल्टर त्याला बघून घेतात. त्यामुळे सात टॅपचा फिल्टर पुरतो: −१, ०, ९, १६, ९, ०, −१, भागिले ३२. एवढासा फिल्टर त्या पट्ट्यात किमान १६५ डेसिबलची घट देतो. दुसऱ्या पायरीवर तोच १४१ देतो, तिसऱ्यावर ११७, चौथ्यावर ९३, पाचव्यावर ६९. दर पायरीला २४ डेसिबल हातचे जातात.

तिसऱ्या पायरीपर्यंत सात टॅप ठेवले. २४ किलोहर्ट्झजवळ संगीतात मुळात फारसे काही नसते, ११७ पुष्कळ झाले. पुढे मात्र १२ आणि ६ किलोहर्ट्झलगतचे पट्टे दुमडतात, तिथे झांजा आहेत, स आणि श आहेत. चौथ्या पायरीला ११ टॅप दिले (१३४ डेसिबल), पाचवीला १५ (१२६ डेसिबल). वर चढताना हेच फिल्टर उलट्या क्रमाने. दोन्ही दिशा आणि दोन्ही चॅनेल मिळून सेकंदाला साठ लाख क्रियांच्या आत.

मूळ सिग्नलला किती थांबवायचे तेही ठरले: जिन्याचा जाण्या-येण्याचा विलंब ३४६ सॅम्पल, म्हणजे १.८ मिलिसेकंद. हा आकडा एका सॅम्पलनेही चुकता कामा नये असे नाही, ४०० हर्ट्झच्या खाली एका सॅम्पलने कला (लहरीची अवस्था) फार बदलत नाही. पण पूर्णांक येतोय तर बरोबरच ठेवावा.

२४ ऑगस्ट

योजनेतला अवघड सांधा. फिल्टर वजा १ हा फरक ४०० हर्ट्झला आज्ञाधारकपणे शून्य होत नाही. साध्या बँडचा फरक सप्तकामागे ६ डेसिबलनेच उतरतो, ४० हर्ट्झच्या बँडचे शेपूट पार वरपर्यंत लोंबते. ते ४०० ला कापले तर तिथे प्रतिसादात ओरखडा दिसतो, आणि न कापता सोडले तर दुमडलेला कचरा वर चढतो. म्हणून २५० ते ४०० च्या दरम्यान त्याला हळूहळू विझवले, रेषीय कलेच्या (सगळ्या वारंवारतांना सारखाच उशीर करणाऱ्या) उताराने. त्यासाठी मूळ सिग्नलला आणखी सुमारे १२ मिलिसेकंद थांबवावे लागते. एकूण विलंब १४ च्या आसपास. एफएफटीच्या ठोकळ्यापेक्षा तरीही बराच कमी, आणि चित्रपटाला चालण्यासारखा.

२६ ऑगस्ट

जुन्या आणि नव्या दोन्ही साखळ्यांतून एकच आवेग (क्षणिक टोक) सोडला आणि प्रतिसाद एकमेकांवर ठेवले. २५० हर्ट्झपर्यंत रेघा एकमेकींवर बसल्या. २५० ते ४०० मध्ये बारीकसा फरक आहे, अपेक्षित होता तेवढाच. त्याच्या वर जुन्या फिल्टरची कंगव्यासारखी बारीक दुरुस्ती गेली आणि बायक्वाडचा गुळगुळीत वक्र आला. मायक्रोफोन बसायच्या जागेभोवती हलवून पुन्हा मोजले तर नवा वक्र जागेगणिक कमी डळमळतो.

भाराची तुलना प्रामाणिकपणे लिहायला हवी. निव्वळ क्रियांत बघितले तर ४,०९६ च्या एफएफटीची दहा कोटी विरुद्ध आताची साधारण साडेपाच कोटी. निम्म्याच्या आसपास, डोळे दिपवणारे काही नाही. ६ किलोहर्ट्झवरही १२८ च्या ठोकळ्याने एफएफटी वापरला तर सगळे मिळून एका कोटीच्या आत येते, पण मग विलंब पुन्हा वाढतो. नाही वापरला. कारण खरा फायदा दुसरीकडे आहे. २.१ मेगाबाइटच्या जागी आता दुहेरी अचूकतेतही ६४ किलोबाइट लागतात, सगळे एल२ मध्ये मावते. आणि काम दर ३२ सॅम्पलला सारखे वाटले जाते: कुठल्याही हाकेवर एकदम बोजा नाही, वेगळा थ्रेड नाही, तयार ठोकळा राखणे नाही. सर्वांत वाईट ठोकळा आणि सरासरी ठोकळा यांच्या वेळा आता शेजारी शेजारी आल्या आहेत. गव्हर्नर ‘ऑनडिमांड’वर सोडला तर प्रोसेसर खालच्या वेगावरून उठतच नाही.

२९ ऑगस्ट

मुख्य काम संपल्यावर हाती लागलेला फायदा. पूर्वी ४४.१, ४८, ८८.२, ९६, १७६.४ आणि १९२ अशा सहा दरांसाठी सहा मोठे फिल्टर करून ठेवावे लागत. आता ४८, ९६ आणि १९२ ही सगळी मंडळी ८, १६ आणि ३२ ने भागून ६ किलोहर्ट्झवर येतात. ४४.१ चे कुटुंब ५,५१२.५ हर्ट्झवर येते. खर्जाचे गुणकसंच दोनच. दर कमी असला की जिन्याच्या वरच्या पायऱ्या वगळायच्या, खालच्या तीन तशाच. ३८४ आली तर वर एक पायरी वाढवायची.

डीएसडी वेगळे प्रकरण. तो एका बिटाचा प्रवाह असतो; त्याला कुठल्याही गुणकाने गुणले की तो एका बिटाचा राहत नाही, म्हणून आधी पीसीएममध्ये (इतर फाइलींसारख्या अनेक बिटी सॅम्पलांत) आणावेच लागते. १७६.४ वर आणायचे आणि मग हाच जिना.

१ सप्टेंबर

बारीकसारीक. खर्जात ६ डेसिबलपर्यंत उचल आहे, म्हणून सुरुवातीलाच ६ डेसिबल आणि वर थोडे उतरवले. शेवटी २४ बिटांवर येताना त्रिकोणी वितरणाचा डिदर (बिट कमी करण्याआधी मिसळायचा बारीक गोंगाट) लावला. त्याला सॅम्पलमागे दोन यादृच्छिक आकडे लागतात, म्हणजे १९२ ला सेकंदाला ७ लाख ६८ हजार. लायब्ररीतले जड जनित्र काढून साधे एक्सॉर-शिफ्ट बसवले.

उरलेले काम: गाण्यागणिक दर बदलला की जिन्याच्या सगळ्या स्मृती शून्य करून १० मिलिसेकंदांत आवाज चढवणे. सध्या ४४.१ वरून ९६ वर जाताना एक पुसट टक् ऐकू येते. जुन्या दराची खर्जाची शिल्लक नव्या दरात वाजते, तिचा हा आवाज.